वेबसाइटची कल्पना सांगायची कुणाला, किती आणि कोणत्या कागदावर

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांचा सगळा हंगाम मे आणि जूनमध्ये असतो. गणवेश मागवायची आमची साइट बंद पडली ती नेमकी मेच्या शेवटच्या आठवड्यात. पालकांचे फोन यायला लागले, ‘पान उघडत नाही, दुकान बंद केलंत का?’ डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्याची, वर्षाची मुदत संपली होती. आठवणीचे मेल गेले होते साइट बनवणाऱ्या मुलाला, कारण डोमेन त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतलेलं. तो एव्हाना बंगळुरूला नोकरीला लागला होता आणि फोन उचलत नव्हता. नवव्या दिवशी उचलला. ‘मालक, माझ्या डोक्यातूनच गेलं,’ म्हणाला आणि तासाभरात डोमेन सुरू करून दिलं. मुलगा लबाड नव्हता. पण ते नऊ दिवस मला अजून आठवतात.

काम देण्याआधी दोन महिने मला एकच घोर होता, की हा माझी कल्पना चोरून दुसऱ्याला देईल. ती कुणी चोरली नाही. साइटची किल्लीच आपल्या हातात नाही, हे मात्र माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्यांदा साइट नव्यानं करून घेताना वकिलाच्या टेबलावर बसून, एकेक पायरी ठरवून केली. त्या पायऱ्या इथे देतोय. मी गणवेशवाला, वकील नाही. करार मोठ्या रकमेचा असेल तर सहीआधी वकिलाला दाखवाच.

आधी हे पचवा: नुसत्या कल्पनेला कायद्याचं छत्र नाही

कॉपीराइट कायदा, १९५७ कल्पनेला संरक्षण देत नाही. ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे साफ सांगून टाकलं आहे. ‘शाळा निवडा, इयत्ता निवडा, गणवेश घरपोच’ ही माझी कल्पना. नवी पेठेतला दुसरा दुकानदार उद्या स्वतःचं कोड लिहून घेऊन, स्वतःचा मजकूर टाकून हीच सोय उभी करू शकतो आणि मी काही करू शकत नाही. पेटंटचा रस्ताही जवळपास बंदच आहे. पेटंट कायदा, १९७० मधलं तिसरं कलम धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम यांना शोध मानतच नाही.

आपल्याकडं हे समजायला अवघड जाऊ नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून जाड सुती चादर विणायची कल्पना काही सोलापूरच्या मालकीची झाली नाही. बाहेर कुणी तशीच चादर विणली तर कायदा आडवा येत नाही. तिला ‘सोलापुरी’ म्हणून विकलं तर येतो. राखलं गेलं ते नाव.

मग एका कागदावर आपलं राखण्यासारखं काय काय आहे ते लिहून काढा. नाव आणि चिन्ह असेल, त्याला ट्रेडमार्क आणि डोमेन. कोड, डिझाइन, मजकूर, फोटो यांना कॉपीराइट. आणि धंद्याची आतली माहिती, जी बाहेर कुणाला ठाऊक नाही, तिला गोपनीयतेचा करार. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडं स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये त्यावर २८९ वा अहवाल दिला आहे, पण तूर्त कोर्टात भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावरच आहे. म्हणजे कागद नसेल तर लढाई फार अवघड.

आमच्या कागदावर तिसऱ्या सदरात एकच गोष्ट आली: बदलीची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी, गल्ल्याशेजारी असते. जूनमध्ये पालक माप बदलायला येतात तेव्हा कटिंग मास्तर तिच्यात लिहितात: शाळा, इयत्ता, नेलेलं माप, बदलून दिलेलं माप. ‘चौथी, २६ नेला, २८ दिला.’ अशा अकरा वर्षांच्या नोंदी. कोणत्या शाळेची कापडाची जात आटते, कुठल्या वर्गातली पोरं एका उन्हाळ्यात दोन मापं वाढतात, सगळं तिच्यात आहे. साइटवर जो ‘तुमच्या मुलाला हे माप बसेल’ असा सल्ला येतो, तो या वहीतून येतो. स्क्रीन कुणीही महिन्याभरात नकलून काढेल. वही कुठून आणणार?

तुमच्याही धंद्यात अशी एक वही असते. शेंगा चटणीवाल्याचा कोणत्या गावात किती डबे जातात तो हिशेब असेल, मुलींच्या मेसची साइट काढणाऱ्याकडं खात्रीच्या घरमालकिणींची यादी असेल. ती आधी ओळखा. राखायची ती, आणि ती प्रोग्रामरला दाखवायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही.

पायरी १: कुणाशी बोलण्याआधी डोमेन घ्या

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याला प्रोग्रामर लागत नाही. कुठल्याही डोमेन विक्रेत्याच्या साइटवर स्वतःचं खातं उघडा. मेल पत्ता स्वतःचा, मोबाइल स्वतःचा, पैसे स्वतःच्या कार्डावरून किंवा यूपीआयनं. नोंदणीधारक म्हणून तुमचं किंवा फर्मचं नाव पडलं पाहिजे. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या. एक घेऊन दुसरं सोडलं की तेच कुणीतरी उचलतं.

नंतर खात्यात जाऊन तीन गोष्टी तपासा. आपोआप नूतनीकरण चालू आहे का. ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन दुसऱ्याच्या खात्यात हलू न देणारं कुलूप, लावलेलं आहे का. लॉगिनला ओटीपीसारखी दुसरी पायरी आहे का. आणि चौथी, जी मला फार उशिरा सुचली: ज्या मेलवर मुदतीच्या आठवणी येतात तो मेल तुम्ही रोज उघडता का? दुकानाच्या नावानं उघडलेला, पासवर्ड विसरलेला मेल इथे देऊ नका.

प्रोग्रामरला डोमेनच्या खात्याचा पासवर्ड द्यायचा नाही. त्याला नेमसर्व्हर किंवा डीएनएसच्या नोंदी (डोमेन कोणत्या सर्व्हरकडं वळवायचं ते सांगणाऱ्या) बदलायच्या असतात, तेवढ्या त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाव्यात आणि तुम्ही टाकाव्यात. पाच मिनिटांचं काम असतं. ‘मालक, तुम्हाला जमणार नाही, मीच करतो’ म्हणाला तरी त्याला शेजारी बसवा, पण हात तुमचाच असू द्या.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर भांडणाची वाट बघू नका. संबंध चांगले असतानाच त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड मागून घ्या आणि डोमेन आपल्या खात्यात ओढा. मुदत संपायच्या काठावर हे करायला जाऊ नका, महिना-दोन महिने हातात ठेवा.

नावाचा ट्रेडमार्क लगेच हवाच असं नाही, पण शोध मात्र लगेच घ्या. ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर शोध फुकट घेता येतो. कपडे २५ व्या वर्गात येतात, विक्रीची सेवा ३५ व्या वर्गात. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागं ४,५०० रुपये शुल्क आहे, बाकीच्यांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. नोंदणी होण्याआधी नावाशेजारी टीएम लिहिलं तर चालतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

पायरी २: सांगायचं, पण दोन हप्त्यांत

‘आधी सांगणार नाही, आधी सही करा’ असं म्हणून बसलात तर चांगला प्रोग्रामर उठून जाईल. त्याच्याकडं महिन्याला दहा जण ‘एक जबरदस्त आयडिया आहे’ म्हणत येतात. त्याला तुमच्या कल्पनेत रस नसतो, काम किती दिवसांचं आहे एवढंच कळायला हवं असतं.

म्हणून पहिल्या भेटीत काम सांगा, गुपित सांगू नका. मी एक पानाचा पीडीएफ केला होता. त्यात होतं: लॉगिन किती प्रकारचे (पालक, दुकान, शाळा), पानं अंदाजे किती, पैसे ऑनलाइन घ्यायचे का, एसएमएस जाणार का, ऑर्डरचा तक्ता कसा दिसला पाहिजे, भाषा मराठी आणि इंग्रजी. त्यात नव्हतं: कोणत्या शाळांशी बोलणं झालंय, कमिशन किती, कापड कुठून येतं, आणि मापाचा सल्ला कसा काढतो. मापाच्या जागी एवढंच लिहिलं, ‘इयत्ता आणि उंची टाकली की तक्त्यातून एक आकडा येईल.’ दरपत्रक काढायला एवढं पुरतं. सात रस्त्याजवळच्या हॉटेलात चहा पिता पिता तिघांना दाखवला, तिघांनीही त्यावरून भाव दिले.

पीडीएफ द्यायचा तो मेलनं पाठवा, हातात नुसता कागद देऊ नका. कधी, काय, कुणाला दाखवलं याची तारीख त्यातच पडते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा जुना सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्यानं कॉपीराइट मिळत नाही. कॉपीराइट रचना लिहिली की आपोआप असतो. पाकिटातून फार तर तारीख सिद्ध होते, आणि ते काम मेल करतो.

पायरी ३: माणूस बघताना

पूर्वीचे दोन ग्राहक विचारा आणि त्यांना स्वतः फोन करा. साइट कशी झाली हे विचारू नका, सगळे बरी झाली म्हणतात. विचारा, ‘डोमेन आणि होस्टिंगचं खातं तुमच्या नावावर आहे का?’ होस्टिंग म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते ती भाड्याची जागा. समोरचा गडबडला तर उत्तर मिळालं.

सोलापुरात बरंच काम इंजिनिअरिंगची मुलं करतात आणि चांगलं करतात. दोन गोष्टी मात्र बघा. वय १८ पूर्ण आहे ना? अज्ञानाशी, म्हणजे १८ वर्षांखालच्याशी, केलेला करार कायद्यानं शून्य असतो, मग त्यावरची सहीही फुकट. आणि हेच काम तो शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॉलेजात दाखवणार आहे का? तसं असेल तर अहवालात कोड, डेटाबेसची रचना, स्क्रीन सगळं छापून ग्रंथालयात जातं. दाखवू द्या हवं तर, पण काय वगळायचं ते आधी ठरवा.

दुसरा प्रकार म्हणजे पुण्यात नोकरी करणारा आणि शनिवार-रविवारी गावी येऊन काम करणारा. याच्या नोकरीच्या करारात बहुधा असं कलम असतं, की नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं, किंवा बाहेरचं काम घ्यायचं नाही. तो तुम्हाला जो हक्क देईल तो त्याच्याकडंच नसेल तर? त्याला सरळ विचारा, आणि करारात ‘हे काम करायला मला कुठलाही अडसर नाही’ असं लिहून घ्या. एजन्सी असेल तर काम प्रत्यक्ष कोण करणार ते विचारा, आणि त्या माणसाकडून एजन्सीनं हक्क लिहून घेतल्याचा कागद मागा. साखळीतला एक दुवा तुटला तर पुढचा कागद लंगडा पडतो.

पायरी ४: गोपनीयतेचा कागद

एकच माणूस पक्का झाला की, आतलं सांगायच्या आधी, दोन पानी करार. गोपनीय म्हणजे नेमकं काय ते नावानिशी लिहा: ‘मापांचा तक्ता, शाळांची यादी, दर, पुरवठादार’. नुसतं ‘सर्व माहिती’ लिहिलं की सगळंच पातळ होतं. वापर फक्त या कामापुरता, दुसऱ्याला द्यायची तर लेखी परवानगी, काम संपल्यावर परत द्यायची किंवा पुसायची, आणि मुदत दोन-तीन वर्षं. बस.

‘आयुष्यभर अशी दुसरी साइट बनवणार नाही’ हे वाक्य घालायचा मोह होतो. मलाही झाला. वकिलांनी तिथंच पेन ठेवलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. काम चालू असताना प्रतिस्पर्ध्याचं काम घेऊ नको, हे टिकू शकतं. काम संपल्यावरही घेऊ नको, हे साधारणपणे टिकत नाही. गुप्तता पाळायची अट मात्र नंतरही लागू राहते. म्हणून जोर गुप्ततेवर द्या.

पायरी ५: मुख्य करार, आणि त्यातली एक जीवघेणी चूक

‘पैसे मी दिले, म्हणजे कोड माझं.’ इथेच बहुतेक जण फसतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रचनेचा पहिला मालक तिचा लेखक. पगारी नोकरानं नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा पहिला मालक. लग्नाचे फोटो पैसे देऊन काढून घेतले तर हक्क काढून घेणाऱ्याचा, असंही त्याच कलमात आहे. पण बाहेरच्या प्रोग्रामरला ठोक रकमेत काम दिलं तर तो तुमचा नोकर नव्हे, आणि कोड म्हणजे फोटो नव्हे. कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. म्हणजे लिहून घेतलं नाही तर कोडचा मालक प्रोग्रामरच राहतो. तुम्हाला वापरायची मुभा आहे असं फार तर म्हणता येईल. उद्या दुसऱ्या प्रोग्रामरकडून त्यात बदल करायचा झाला की वाद उभा.

उपाय म्हणजे हक्काचं हस्तांतर. ते तोंडी चालत नाही. कलम १९ म्हणतं, लेखी हवं आणि हक्क देणाऱ्याची किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाची सही हवी. त्यात रचना कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला किती हे लिहायचं. आणि इथं खाचखळगे आहेत. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल तर, हस्तांतर गळून पडतं. साइट करून घेऊन ‘पुढच्या हंगामाला काढू’ म्हणत ठेवून देणाऱ्यांनी हे शेवटचं दोनदा वाचावं. अजून न लिहिलेल्या कोडचंही हस्तांतर आधी करता येतं, ते कलम १८ मध्ये आहे.

आमच्या करारातलं वाक्य असं आहे, हवं तर घ्या:

‘या कामासाठी मी लिहिलेला व यापुढे लिहीन तो सर्व सोर्स कोड, डिझाइन, डेटाबेसची रचना व सोबतची कागदपत्रे यांतील कॉपीराइटचे सर्व हक्क मी, या कराराच्या कलम ४ मधील मोबदल्याच्या बदल्यात, ग्राहकाला कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी हस्तांतरित करीत आहे. प्रत्येक हप्ता मिळताच त्या टप्प्यातील कामाचे हस्तांतर पूर्ण होईल. ग्राहकाने हे हक्क एका वर्षात वापरले नाहीत तरी हस्तांतर रद्द होणार नाही. माझे पूर्वीचे कोड व मुक्त स्रोत लायब्ररी यांची यादी परिशिष्टात आहे. माझ्या पूर्वीच्या कोडचा या साइटसाठी वापर व बदल करण्याचा कायमचा, विनाशुल्क परवाना मी ग्राहकाला देत आहे.’

‘प्रत्येक हप्ता मिळताच’ हे आमच्या प्रोग्रामरनं घालायला लावलं. त्याचं बरोबर होतं. तो म्हणाला, सगळे हक्क सहीच्या दिवशी तुमचे झाले आणि तुम्ही पैसे थांबवले तर मी काय करू? दोघांचीही भीती एकाच ओळीत मिटली.

परिशिष्टाला कंटाळू नका. कुणीही सगळं कोड शून्यातून लिहीत नाही. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, साइट केली तर वर्डप्रेस तुमचं होत नाही. ते मुक्त परवान्याखाली सगळ्यांचं आहे. तुमचा मजकूर, फोटो आणि तुमच्यासाठी खास लिहिलेला भाग तुमचा. दरमहा भाडं भरायच्या तयार दुकान-सेवेवर केली तर कोडचा प्रश्नच नाही, तिथं तुम्ही भाडेकरू. लहान धंद्याला हा पर्याय वाईट नाही, फक्त माहीत असावं.

पैशाचे हप्ते आमचे असे होते: एकूण ९०,०००. सहीला १५, स्क्रीनची डिझाइनं पसंत झाल्यावर २५, चाचणीच्या पत्त्यावर साइट चालल्यावर ३०, आणि सगळा ताबा मिळाल्यावर २० हजार. शेवटचा हप्ता एवढा मोठा ठेवा की तो घ्यायला माणूस परत येईल. मागच्या खेपेला मी सगळे पैसे साइट ‘लाइव्ह’ झाली त्या संध्याकाळी पेढ्यांसकट दिले होते.

दंडाची रक्कम घालायची तर डोकं ठिकाणावर ठेवून घाला. ९० हजारांच्या कामाला एक कोटी दंड लिहिला तरी करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. न्यायक्षेत्र सोलापूर लिहा. मुद्रांकाला विसरू नका: महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा आला आहे, आणि करारातल्या रकमेप्रमाणे जास्त लागतो का ते वकिलालाच विचारा. प्रोग्रामर परगावी असेल तर आधारवर चालणारी ई-सही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे चालते.

पायरी ६: काम चालू असताना

कोड ठेवायचं खातं, म्हणजे गिटहब किंवा तसलं काही, तुमच्या मेलवर उघडा. खाजगी रेपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायचं कपाट, फुकट मिळते. प्रोग्रामरला त्यात सहकारी म्हणून जोडा आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचं कोड तिथं चढवायचं, अशी अट करारात घाला. तुम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही तरी चालेल. तारखा दिसतात, आणि तो उद्या बंगळुरूला गेला तरी कोड तुमच्या घरात असतं. होस्टिंगचंही तेच. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, तर तुमच्याच पॅन आणि बँक खात्यावर हवा, ‘तात्पुरता माझा लावतो’ याला एक दिवसही हो म्हणू नका.

एसएमएस लोकांच्या लक्षात राहत नाही. ग्राहकांना धंद्याचे एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे पाठवणाऱ्याची आणि मेसेजच्या मसुद्यांची नोंद, लागते. ती प्रोग्रामरनं आपल्या फर्मवर केली तर मेसेज पाठवणाऱ्याचं नाव आणि मंजूर मसुदे त्याच्याच नावावर राहतात. साइट तुमची, ओटीपी त्याचा.

खरी माहिती चाचणीला देऊ नका. आम्ही ‘चाचणी विद्यालय’ नावाची शाळा आणि बनावट मापांचा तक्ता दिला. बदलीच्या वहीतून केलेला खरा तक्ता शेवटी माझ्या पुतणीनं ऑफिसात बसून चढवला. प्रोग्रामरनं तो चढवायचं बटण तेवढं करून दिलं होतं. मुलांची नावं तर अजिबात द्यायची नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची पडताळता येईल अशी संमती धरली आहे. हलगर्जी प्रोग्रामरची असली तरी जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

चाचणीच्या पत्त्याला पासवर्ड लावायला सांगा, नाहीतर अर्धवट साइट गुगलवर आधी पोचते. बोलणं फोनवर झालं तर रात्री दोन ओळी मेल करा: ‘आज ठरलं ते असं.’

पायरी ७: ताब्याचा दिवस

हा दिवस अर्धा तरी मोकळा ठेवा. प्रोग्रामरला सांगा, नव्या रिकाम्या सर्व्हरवर रेपॉझिटरीतून साइट उभी करून दाखव. आमच्याकडं पहिल्या प्रयत्नात उभी राहिलीच नाही. एक फाइल त्याच्या लॅपटॉपवरच राहिली होती. शेवटचा हप्ता दिला असता तर ती फाइल पुढच्या जूनपर्यंत तिथंच राहिली असती.

मग डेटाबेसची प्रत घ्या. सगळे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या, म्हणजे पेमेंट गेटवेची, एसएमएसची, सर्व्हरची, नव्यानं काढा. अ‍ॅडमिन म्हणून कोण कोण आहे ती यादी उघडून नको ती नावं काढा. देखभालीचं काम त्यालाच देणार असाल तर त्याचा स्वतंत्र लॉगिन ठेवा, तुमचा देऊ नका.

आणि त्याच बैठकीत दोन सह्या घ्या. एक, हस्तांतराचं अंतिम पत्र, त्यात रेपॉझिटरीचं नाव आणि तारीख घालून. दुसरं, कॉपीराइट नोंदणीसाठी ना-हरकत पत्र. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. शुल्क प्रत्येक रचनेला ५०० रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची थांबणी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, काळं न फासता. कोड वीस पानांहून कमी असेल तर सगळं. अर्जदार तुम्ही आणि लेखक प्रोग्रामर असल्यानं त्याचं ना-हरकत पत्र लागतंच. तो समोर बसलाय, पैसे मिळणार म्हणून खूश आहे, तेव्हाच घ्या. वर्षानं शोधत बसाल.

बिनसलंच तर

आधी पुरावा, मग फोन. नकलेल्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचं संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून, मेल मूळ रूपात. मोबाइल बदलू नका, संभाषण पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून घेतील.

नंतर वकिलाची नोटीस. बऱ्याच गोष्टी इथेच मिटतात, कारण प्रोग्रामरलाही पुढं सोलापुरातच कामं घ्यायची असतात. काम संपल्यावर तो परवानगीशिवाय साइटमध्ये शिरला किंवा डेटा उतरवून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागतं. तुमचं कोड, मजकूर किंवा फोटो उचलून दुसरीकडं लावले असतील तर त्या साइटच्या होस्टिंग कंपनीला कॉपीराइटची तक्रार पाठवा. कोर्टाच्या तारखेपेक्षा पान लवकर उतरतं. डॉट इन डोमेन कुणी बळकावलं तर त्यासाठी डॉट इनचा कारभार बघणाऱ्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजची वेगळी लवाद प्रक्रिया आहे. आणि दावा करायचीच वेळ आली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे, जिथं तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. समोरचा बंगळुरूला असला तरी तुम्हाला तिकडं खेटे घालायला नकोत.

दुसऱ्या खेपेला मला कागदोपत्री आलेला खर्च, विचारणारे विचारतात म्हणून: वकील ६,०००, मुद्रांक ५००, ट्रेडमार्क दोन वर्गांचे ९,०००, कॉपीराइट ५००. डोमेन पाच वर्षांसाठी एकदम भरून टाकलं. बदलीची वही अजून गल्ल्याशेजारीच आहे. यंदा तिला नवा पुठ्ठा घातला.